तीन नंबरचा सिलिंडर: सोसायटीच्या ग्रुपवर आठ दिवस चाललेली चर्चा

शनिवार, रात्री 8:40

बी-104: नमस्कार मंडळी, गाडीबद्दल जरा सल्ला हवा आहे. आमची पांढरी गाडी 2012ची, तीन सिलिंडरची, 1 लाख 68 हजार किलोमीटर झालेत. 2016 मध्ये बाहेरून सीएनजी किट बसवलंय. दोन महिन्यांपासून उभ्या गाडीत स्टेअरिंग थरथरतं, सकाळी पहिल्या स्टार्टला मिस मारते. परवा ठाण्याहून येताना कसारा घाटात तिसऱ्या गिअरवर दमच निघेना, दुसऱ्यावर चढवली. इंजिनचा पिवळा दिवा नुसता लागत नव्हता, लुकलुकत होता.

बी-104: गॅरेजमध्ये आधी प्लग बदलले, मग कॉइल, मग इंजेक्टर साफ केले. साडेसात हजार गेले आणि थरथर तशीच. आता म्हणतात कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये हवा दाबण्याची ताकद) गेलंय, फुल इंजिन करावं लागेल, 55 हजार. आईला महिन्यातून दोनदा नाशिक रोडला दवाखान्यात न्यावं लागतं, त्यामुळे गाडी दारात हवीच. काय करू?

सी-201: ताई, विकून टाका. पुढच्या वर्षी 15 वर्षं होतील, परत पासिंगचं बघावं लागेल. त्यात 55 हजार कशाला घालायचे?

ए-101: जाड ऑइल टाकून बघा आधी. माझ्या मेव्हण्याने 20डब्ल्यू50 टाकलं होतं, धूर बंद झाला होता.

बी-104: भाऊ, धूर नाहीच आहे हो. ऑइलही कमी होत नाही.

ए-302: ताई, थांबा. शेवटचं जे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. धूर नाही, ऑइल खात नाही, मग फुल इंजिन, म्हणजे पिस्टनभोवतीच्या हवा अडवणाऱ्या रिंगा गेल्या, असं कशावरून म्हणाले? त्यांनी कॉम्प्रेशन मोजायचा गेज लावला होता का? आकडे लिहून दिलेत?

बी-104: नाही काका. ऑइलचं झाकण काढून हात धरला आणि म्हणाले, बघा कसा वारा मारतोय.

ए-302: झाकणातून थोडा वारा प्रत्येक इंजिनाला येतो. त्यावरून फुल इंजिन ठरवायचं नसतं. मी सातपूरला 31 वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली, तुम्हाला ठाऊकच आहे. उद्या सकाळी 8ला पार्किंगमध्ये या. माझा गेज आहे. येण्याआधी गाडी पेट्रोलवर मुंबई नाक्यापर्यंत फिरवून आणा, इंजिन गरम हवं. आणि डिकीतल्या सीएनजी टाकीचा हाताचा कॉक बंद करून मगच निघा, म्हणजे लाइनीत गॅस उरणार नाही. दिवा लुकलुकत असेल तर मात्र ताणू नका, हळू चालवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिकमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन जळतं आणि तो भाग भाजून निघतो.

सी-201: काका, मीही येतो. पाहायचंय.

ए-302: या, आणि तुमच्या दुकानातला टाकीवाला कॉम्प्रेसर घेऊन या. कदाचित लागेल.

रविवार, सकाळी 11:15

ए-302: सगळ्यांसाठी सविस्तर लिहितो, कारण सकाळी पाच-सहा जण उभे होते आणि प्रत्येकाने वेगळं विचारलं.

तिन्ही प्लग काढले. कॉइलची कनेक्शनं सोडली, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला. बॅटरी पूर्ण चार्ज असलीच पाहिजे, स्टार्टर रेंगाळला तर आकडा खोटा येतो. सी-201ने अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून ठेवला. हे बरेच जण विसरतात. थ्रॉटल (हवेची झडप) मिटलेला असेल तर सिलिंडरला हवाच मिळत नाही, मग तो दाबणार काय? गेज लावून प्रत्येक सिलिंडरला सहा-सात झटके दिले.

पहिला: 12.6 किलो (दर चौरस सेंटिमीटरला पडणारा दाब). दुसरा: 12.4. तिसरा: 7.1.

पेट्रोल गाडीत साधारण 12 ते 14 किलो हे निरोगी माप. नेमका आकडा ज्या त्या गाडीच्या पुस्तकात बघायचा. एक गोष्ट नाशिककरांनी ध्यानात ठेवावी: आपण समुद्रसपाटीपासून साधारण 600 मीटर उंचीवर आहोत. इथली हवा मुंबईपेक्षा सुमारे 7 टक्क्यांनी विरळ. तिथे 13.5 दाखवणारं इंजिन इथे साडेबाराच्या जवळ दाखवेल आणि त्यात काही बिघाड नसतो. म्हणून मी नुसता आकडा बघत नाही, सिलिंडर-सिलिंडरमधला फरक बघतो. तो एक किलोपर्यंत ठीक. इथे साडेपाच आहे.

म्हणजे 1 लाख 68 हजारांनंतरही दोन सिलिंडर ठणठणीत आहेत. सबंध इंजिन झिजलं असतं तर तिघांचेही आकडे खाली आले असते.

ए-101: पण तिसऱ्याच्या रिंगा गेल्या असतील तर?

ए-302: बरोबर शंका. त्यासाठीच ओली टेस्ट. प्लगच्या भोकातून एक चहाचा चमचा, म्हणजे 5 मिली इंजिन ऑइल सोडलं आणि पुन्हा गेज लावला. ऑइल पिस्टनवर पसरून रिंगांच्या फटी थोडा वेळ बुजवतं. रिंगा गेल्या असत्या तर आकडा 7वरून 10-11वर उडाला असता. इथे 7.3 आला, म्हणजे हललाच नाही. ऑइल व्हॉल्व्हपर्यंत पोचत नाही, म्हणून व्हॉल्व्ह गळत असेल तर ऑइल टाकून काही फरक पडत नाही. तुमच्या जाड ऑइलचंही तेच, भाऊ. रिंगांना ते चार महिने झाकून नेईल, व्हॉल्व्हचं काहीच करणार नाही, आणि नव्या इंजिनांच्या बारीक वाटांमधून ते सकाळच्या थंडीत वर चढायला वेळ लावतं.

सी-201: मंडळी, अगरबत्तीचं सांगा काका!

ए-302: सांगतो. तिसरा पिस्टन कॉम्प्रेशनच्या वेळी अगदी वर आणला, म्हणजे दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद असतात. गाडी चौथ्या गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना विटा. नाहीतर हवा भरली की पिस्टन खाली ढकलला जातो. मग प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली आणि ती कुठून निसटते ते ऐकत बसलो. ऑइलच्या झाकणातून जोरात फुसफुस आली तर रिंगा. एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा). रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट (हेड आणि खालच्या इंजिनामधलं पॅकिंग). आणि सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (जळका वायू बाहेर सोडणारा).

बी-104च्या आईंनी देवघरातली अगरबत्ती आणून दिली. सायलेन्सरच्या तोंडाशी धरली. धूर सरळ वर जात होता. कॉम्प्रेसरचा कॉक उघडला तसा तो बाहेरच्या बाजूला आडवा झाला. कॉक बंद केला की पुन्हा सरळ. तीनदा केलं, तीनदा तसंच. पहिल्या सिलिंडरला हवा सोडली तेव्हा धूर हलला नाही.

ए-302: तेव्हा माझं मत: तीन नंबरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळलाय. हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, खोलावं लागेल, खालच्या इंजिनाला हात लावायचा नाही.

बी-104: काका, सकाळपासून मनावरचं ओझं उतरलं. पण व्हॉल्व्ह जळतो म्हणजे नक्की काय होतं?

ए-302: एक्झॉस्ट व्हॉल्व्हला सगळ्यात जास्त उष्णता सोसावी लागते. ती उष्णता बहुतांशी बाहेर पडते कशी? व्हॉल्व्ह बंद होऊन सीटवर (त्याच्या बैठकीच्या कड्यावर) टेकतो तेवढ्या वेळात, सीटमधून हेडमध्ये आणि तिथून कूलंटमध्ये. सीएनजी कोरडा गॅस आहे, त्यात पेट्रोलसारखा ओलावा नाही. कंपनीकडून सीएनजी येते त्या गाड्यांत बहुधा सीट जास्त कडक धातूची असते. बाहेरून किट बसवलेल्या इंजिनात ती साधी असते. वर्षानुवर्षं व्हॉल्व्ह आपटून सीट झिजते आणि व्हॉल्व्ह तिच्यात वर वर रुतत जातो. मग टॅपेटची (व्हॉल्व्हला ढकलणाऱ्या भागाची) फट कमी होत होत संपते. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही, पूर्ण मिटला नाही की गार होत नाही, आणि त्या केसभर फटीतून धगधगता वायू निसटत त्याची कड खात जातो. फटींचा आवाज कमी होतो म्हणून गाडीवाल्याला वाटतं, वा, टॅपेटची टकटक बंद झाली! ती शांतता वाईट असते. मी तरी सीएनजी गाडीचं टॅपेट दर 40 हजार किलोमीटरना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघायला सांगतो.

ए-404: काका, माझी डिझेल आहे. तोच गेज चालेल का?

ए-302: अजिबात नाही वहिनी. डिझेलचं कॉम्प्रेशन 25-30 किलोंच्या घरात असतं, पेट्रोलचा गेज फुटेल. वेगळा गेज लागतो आणि तो इंजेक्टरच्या किंवा ग्लो प्लगच्या जागी लावतात.

ए-404: आणि थंडीत माझ्या झाकणाला आतून पांढरं दह्यासारखं लागलेलं असतं. हेड गॅस्केट गेलं का?

ए-302: तुम्ही रोज फक्त मुलाला शाळेत सोडता ना, दोन किलोमीटर? जानेवारीतल्या आपल्या थंडीत इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाला जमते. एकदा सिन्नरपर्यंत जाऊन या, मग बघा. कूलंट कमी होत असेल किंवा डिपस्टिकलाही पांढरं दिसलं तर मात्र काळजीचं.

मंगळवार, रात्री 9:30

ए-302: आज दुसऱ्या मेकॅनिककडे हेड उतरलं, मी दुपारभर तिथेच होतो. उतरवण्याआधी फटी मोजल्या. पहिल्या-दुसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टच्या फटी कमी झाल्यात पण आहेत. तिसऱ्याच्या एका व्हॉल्व्हला 0.10 मिलिमीटरची पट्टीसुद्धा शिरेना.

ए-302: (फोटो) हा तो व्हॉल्व्ह. कड बघा, घड्याळात 4 वाजता काटा असतो त्या जागी. पावाचा तुकडा कुरतडावा तशी खाच आहे. नखाएवढी. बाकीची कड तपकिरी-राखाडी, तेवढी जागा पांढुरकी. एवढ्याशा जागेतून गाडीची एक तृतीयांश ताकद जात होती.

ए-302: सिलिंडरच्या भिंतींवर होनिंगच्या (मुळात घासून पाडलेल्या) आडव्यातिडव्या रेघा अजून दिसतायत. बोट फिरवून पाहिलं, वरच्या कडेला पायरी लागत नाही. या इंजिनाचं बोअरिंग करून, म्हणजे सिलिंडर कापून रुंद करून, नव्या पिस्टन-रिंगा घातल्या असत्या तर चांगलं शरीर फाडल्यासारखं झालं असतं. मला त्या पहिल्या गॅरेजवर राग काढायचा नाही, पण कुणाच्या घरचे 55 हजार असतात, दहा मिनिटांचा गेज तर लावावा.

सी-201: आणि रिंगाच असत्या तर काका? मग 55 हजार बरोबर होते?

ए-302: तेव्हाही आधी बोअर (सिलिंडरचं आतलं भोक) मोजायचा. गोल आहे, फक्त रिंगा कार्बनमध्ये अडकल्या आहेत, तर रिंगा आणि होनिंगमध्ये काम होतं. अंडाकृती झाला असेल तरच बोअरिंग आणि ओव्हरसाइझ पिस्टन.

शुक्रवार, सायंकाळी 7:05

ए-302: अंबडच्या वर्कशॉपमधून हेड आलं. तिसऱ्याचे दोन्ही एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नवे, सहाही एक्झॉस्ट सीट 45 अंशांवर कापल्या, बारा व्हॉल्व्ह पेस्ट लावून घासले. स्टेम सील (व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑइल उतरू न देणारे) सगळे नवे, हेड खोललंच आहे तर ते जुने ठेवणं मला पटत नाही. हेडवर सरळ पट्टी धरली, 0.05ची फीलर शिरली नाही, म्हणून फेसिंग (घासून सपाट करणं) करू दिलं नाही. विनाकारण धातू काढायचा नाही. मग हेड उलटं ठेवून प्रत्येक खळग्यात पेट्रोल ओतलं आणि दहा मिनिटं पाहिलं. एक थेंब खाली आला नाही.

ए-302: टॅपेट या इंजिनात जाडीनुसार मिळतात, फिरवायचा स्क्रू नसतो. पाच बदलावे लागले. नवं हेड गॅस्केट, बोल्ट मधून बाहेर अशा क्रमाने, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचवर. मेकॅनिक तरुण आहे पण हात घाईचा नाही.

बी-104: सगळं धरून 19,400 झाले, ऑइल-कूलंटसकट. किटवाल्याकडून ट्यूनिंग पुढच्या आठवड्यात.

ए-302: ते करून घ्याच ताई, मिश्रणात गॅस कमी आणि हवा जास्त राहिली तर नवा व्हॉल्व्हही तापेल. आणि सीएनजी टाकीची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाने तपासणी) दर तीन वर्षांनी लागते, कागद काढून तारीख बघून ठेवा. सकाळी पेट्रोलवर सुरू करून एक-दोन किलोमीटर पेट्रोलवरच चालवा.

रविवार, दुपारी 12:50

ए-302: आज पुन्हा गेज लावला. 12.6, 12.5, 12.3.

बी-104: काका, आईला घेऊन सकाळी सिन्नरला जाऊन आले. मोहदरी घाट तिसऱ्यावर, एसी लावून! सिग्नलला उभी असताना आईने विचारलं, गाडी बंद पडली का गं? तो जळका व्हॉल्व्ह मी मागून घेतलाय. नववीच्या वर्गात उष्णतेचं वहन शिकवायचंय, मुलांच्या हातात देणार आहे.

ए-302: ही मला आवडलेली गोष्ट. खाचेची कड धारदार आहे, आधी कानस मारून द्या.

ए-101: काका, माझीही 1 लाख 40 हजार झालीय, तीही सीएनजी. पुढच्या रविवारी बघाल का?

ए-302: या, 8 वाजता. इंदिरानगरपर्यंत एक चक्कर मारून गरम करून आणा आणि सीएनजीचा कॉक बंद. जुने प्लग काढाल ते कोणत्या सिलिंडरचे त्यावर नंबर घाला, मला तिन्ही शेजारी ठेवून बघायचेत.