मदत हवी आहे: धिंगरीचं स्पॉन घरच्या कुकरमध्ये होईल का?

नमस्कार मंडळी. नाशिकला बाल्कनीत धिंगरी अळिंबी (ऑयस्टर मशरूम) घेतो. गव्हाचं काड गरम पाण्यातून काढून, निथळून, ओल्या काडाच्या २-३ टक्के स्पॉन (म्हणजे दाण्यांवर वाढवलेलं अळिंबीचं बियाणं) थरांत पेरतो. पीक झकास येतं, अडतं ते स्पॉनवर. उन्हाळ्यात कुरियरने येईपर्यंत पिशवी घामेजते, तळाशी पिवळसर पाणी आणि आंबूस वास. असली पिशवी सरळ टाकून द्यायची, की वरचे पांढरेशुभ्र दाणे चालतील?

म्हणून चांगल्या पिशवीतले मूठभर दाणे घेऊन ज्वारीवर पुढचं स्पॉन करावं म्हणतो. ज्वारी अर्धवट शिजवून पसरायची, वरचं पाणी सुकलं की जिप्सम आणि चुना लावायचा, इथवर ठीक. दाणा फुटला की चिकट गोळा होतो, तेही माहीत आहे. पण निर्जंतुक करायला घरचा पाच लिटरचा कुकर सोडून काही नाही. बरण्या आत ठेवून दीड-दोन तास चालवला तर पाणी आटत नाही का? शिट्टी होऊ न देता दाब कसा टिकवता? (कुकर गेला तर नवा आणायचा, या अटीवर घरून परवानगी मिळालीय.)

बरणीच्या तोंडाला नुसता कापूस पुरतो का? आणि हिरवी बुरशी दिसली तर तेवढी बरणी बाद, की सगळा घाणाच?