यस्टरडे आलं की हॅव का चालत नाही?

रानजाई:
धाकटी बहीण यंदा दहावीला आहे. तिच्या वहीत 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' या वाक्यावर बाईंनी लाल फुली मारून खाली 'आय सॉ हिम यस्टरडे' लिहिलंय. हॅवपुढे सीन, म्हणजे व्ही थ्री (क्रियापदाचं तिसरं रूप) बरोबर आहे. मग बिघडलं कुठे? मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' आपण सर्रास म्हणतो. नुसता नियम नको, कारण सांगा.

खडूफळा:
बाईंचं बरोबर आहे. अडतंय ते यस्टरडेपाशी. माझी सगळी नोकरी आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवण्यात गेली आणि इथे मुलं हटकून अडखळतात. कारण क्रियापदांचा तक्ता एका धड्यात, क्रियाविशेषणं दुसऱ्याच धड्यात! ही जोडी एकत्रच शिकवली पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

हॅव हे वर्तमानाचं रूप. ते वापरलं की गोष्ट आत्तापर्यंत येऊन पोचते. यस्टरडे, लास्ट वीक, टू इयर्स अगो, इन २०१९ हे काळ मात्र संपलेले, तिथे व्ही टूच, म्हणजे सॉसारखं दुसरं रूप. टुडे, धिस वीक अजून संपलेले नाहीत, म्हणून त्यांच्यासोबत हॅव चालतं. सकाळी दहाला 'आय हॅव हॅड टू कप्स ऑफ टी धिस मॉर्निंग' म्हणा. दुपारी चारला तेच सांगताना 'आय हॅड टू कप्स'. चहा तेवढाच, पण सकाळ सरलेली असते. मराठीत 'पाहिलंय' कालसोबत खुशाल बसतं, म्हणून आपल्या कानाला इंग्रजीतली चूक खटकत नाही.

जर्सीकर:
इकडे अमेरिकेत 'आय ऑलरेडी एट' रोज ऐकतो. तेही चूक का?

खडूफळा:
अजिबात नाही. ऑलरेडी, जस्ट, येट यांच्यासोबत तिकडे व्ही टू चालतं, ब्रिटिश वळणात हॅव. बोर्डाच्या पेपरात हॅव लिहिलेलं बरं. यस्टरडेसोबत हॅव मात्र दोन्हीकडे चालत नाही.

रानजाई:
आता कळलं! मग 'आय अॅम लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स'?

खडूफळा:
त्यात दोन गोष्टी दुरुस्त करायच्या. सिन्सला सुरुवात लागते: सिन्स २०१५, सिन्स मंडे. किती काळ ते सांगायला फॉर. आणि राहणं तेव्हापासून आत्तापर्यंत चालू आहे, म्हणून अॅमऐवजी हॅव बीन. 'आय हॅव बीन लिव्हिंग हिअर फॉर टेन इयर्स.' बहिणीला सांगा, वाक्यातला काळाचा शब्द आधी शोध, क्रियापदाचं रूप मग ठरव.