जुन्या टीव्हीला स्वस्तातली स्टिक (टीव्हीच्या मागं लावून यूट्यूब, नेटफ्लिक्स दाखवणारं छोटं यंत्र) लावायची की सरळ नवा टीव्ही घ्यायचा?

पेठकर:
माझं मत सांगतो, पॅनल, म्हणजे पडदा, चांगला असेल तर टीव्ही बदलू नका, तीन-चार हजाराची नावाजलेल्या कंपनीची स्टिक घ्या. आमच्या शिवाजी पेठेतल्या घरात 32 इंची साधा एलईडी आहे, चित्र अजून एकदम खणखणीत, मागे स्टिक लावायचं एचडीएमआयचं भोक आहे, एवढं बास झालं. आई रिमोटवर बोलून अभंग लावते आणि शाहू स्टेडियमवरची मॅच यूट्यूबवर लाईव्ह असली की शेजारपाजारचे सगळे आमच्यात. चांगला चालणारा टीव्ही भंगारात घालून हप्ते कशाला लावून घ्यायचे?

राजारामपुरीकर:
नाही पटत. स्वस्त स्टिकमध्ये 1 जीबी रॅम (अ‍ॅप चालवायला लागणारी मेमरी) आणि 8 जीबी स्टोरेज (अ‍ॅप साठवायची जागा), त्यातलं बरंचसं सिस्टिमच खाते. सुरुवातीला बरं चालतं, मग अ‍ॅप अपडेट होऊन जड होत जातात आणि बटण दाबलं की वाट बघत बसायचं. माझ्या मावशीकडं हेच चाललंय, मालिका सुरू व्हायची वेळ झाली तरी अ‍ॅप उघडायलाच लागलेलं असतं. परत दोन रिमोट, मागं लोंबणारी वायर. चार हजार त्यात घालण्यापेक्षा थोडे साठवून मोठा स्मार्ट टीव्ही घ्यावा, म्हाताऱ्या माणसांना एकच रिमोट बरा पडतो.

उद्यमनगर वायरिंगवाला:
स्टिक हळू चालते म्हणून मला जे बोलावतात त्यातल्या लई लोकांचा घोटाळा करंटचा असतो. टीव्हीच्या मागच्या साध्या यूएसबीतून अर्धा अँपिअर मिळतो आणि स्टिकला लागतो एक, मग ती मधेच बंद पडून परत चालू होते. कसबा बावड्यात एका काकांकडं हेच झालं होतं, बॉक्समधला अ‍ॅडाप्टर प्लॅस्टिकसकट कपाटात ठेवलेला आणि स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर. अ‍ॅडाप्टर भिंतीच्या प्लगात घातला, सोबत येणारी एचडीएमआयची छोटी वायर लावून स्टिक पॅनलच्या मागनं जरा बाहेर काढली म्हणजे वायफायला अडथळा नको, आणि संध्याकाळच्या बातम्या न अडकता चालल्या. राऊटर जवळ असेल तर वायफायच्या 5 गिगाहर्ट्झवाल्या वेगवान पट्ट्यावर जोडा.

राजारामपुरीकर:
दादा, तुमचं बरोबर आहे पण अ‍ॅडाप्टर लावून रॅम वाढत नाही.

पेठकर:
वाढत नाही, मान्य, पण स्वस्तातल्या स्मार्ट टीव्हीत तरी काय असतं? बऱ्याच टीव्हीत तेवढीच 1 किंवा दीड जीबी रॅम. चार-पाच वर्षांनी कंपनीनं अपडेट बंद केले की एकेक अ‍ॅप चालेनासं होतं, आणि टीव्हीच्या आतला मेंदू तुम्हाला बदलता येत नाही. मग त्या स्मार्ट टीव्हीलाही शेवटी स्टिकच लावावी लागते. स्टिक जुनी झाली तर फक्त स्टिक बदलायची.

शाहूपुरी_ताई:
ह्या सगळ्यात तो बाजारात मिळणारा बिननावाचा 'फोर-के (म्हणजे अगदी बारीक तपशिलाचं चित्र) अँड्रॉइड बॉक्स' कुणी घेऊ नका, सगळं फुकट दिसतंय सांगून विकतात. त्यात टीव्हीसाठीचं नाही तर मोबाईल-टॅबवालं अँड्रॉइड भरलेलं असतं, त्यामुळं रिमोटनं नीट चालत नाही, माऊस लागतो. आणि चांगलं चित्र दाखवायला लागणारी लायसन्सची पातळी नसल्यामुळं नेटफ्लिक्ससारखी अ‍ॅप 480पीच्या, म्हणजे साध्या पुसट चित्राच्या, वर जात नाहीत, बॉक्सवर फोर-के किती का मोठ्या अक्षरात छापलेलं असेना. त्याहून गंभीर म्हणजे जून 2025 मध्ये अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास यंत्रणेनं 'बॅडबॉक्स 2.0' नावाच्या व्हायरसच्या जाळ्याबद्दल इशारा दिला होता. असल्या काही बॉक्समध्ये व्हायरस विकत घ्यायच्या आधीपासूनच असतो आणि तुमचं घरचं इंटरनेट गुन्हेगार वापरतात. गूगलनं जुलैमध्ये त्यावर केस टाकली तेव्हा असली एक कोटीच्या वर यंत्रं असल्याचं सांगितलं होतं. ज्या वायफायवर आपण बँकेचे व्यवहार करतो त्यालाच हे जोडायचं?

राजारामपुरीकर:
हे मात्र शंभर टक्के खरं. पण ताई, ह्याच कारणानं मी म्हणतोय की लोक स्वस्त शोधायला जातात आणि तिकडं वळतात.

शाहूपुरी_ताई:
म्हणून घेताना पेटीवर 'गूगल टीव्ही' किंवा 'अँड्रॉइड टीव्ही' लिहिलंय का, नाहीतर अ‍ॅमेझॉनचा फायर टीव्ही आहे का तेवढं बघायचं. आणि 32 इंचीवाल्यांनो, तुमचा टीव्ही एचडी रेडी असेल तर तो 1366 बाय 768 ठिपक्यांचंच चित्र दाखवणार, त्याला फोर-के चित्र मिळणार नाही. तरी 2 जीबी रॅमवाली स्टिक परवडत असेल तर वेगासाठी घ्या.

फुलेवाडीचा नाना:
माझ्या मोबाईलवर नेटफ्लिक्सचा 149 चा प्लॅन आहे, तो स्टिकवर चालंल का?

पेठकर:
नाही नाना, तो फक्त मोबाईल-टॅबसाठी. टीव्हीला 199 चा बेसिक लागतो, 720पी मिळतं, तुमच्या टीव्हीला तेवढं पुष्कळ.

राजारामपुरीकर:
बघा, म्हणजे स्टिकचे चार हजार, वर महिन्याचा प्लॅन, वर फायबरचं बिल. नाना, तुम्ही नुसतं यूट्यूब आणि बातम्या बघत असाल तर मोबाईलवरच बघा, आणि घ्यायचीच असेल तर 2 जीबीवालीच घ्या, दसरा-दिवाळीच्या सेलला थांबा.

उद्यमनगर वायरिंगवाला:
नाना, आधी टीव्हीच्या मागं एचडीएमआय आहे का बघून फोटो टाका. नुसती लाल-पांढरी-पिवळी भोकं असतील तर स्टिक थेट लागणार नाही, वेगळा कन्व्हर्टर घ्यावा लागतो आणि अक्षरं पुसट दिसतात. तसं असेल तर मी राजारामपुरीकरांच्या बाजूनं.