दक्षिणेतली प्लँटेशनं: नुसती बाग बघून परत यावं का?

अ‍ॅशलीकाठ (धागाकर्ता)

मार्च जवळ आला की अटलांटा-शार्लटकडच्या मराठी मंडळींचे चार्ल्सटनचे बेत शिजू लागतात. साउथ कॅरोलायनातल्या या शहरातून अ‍ॅशली रिव्हर रोड, म्हणजे राज्य मार्ग ६१ धरला की एकामागोमाग तीन प्लँटेशनं, म्हणजे गुलामांच्या श्रमावर चाललेले जुने मळे, लागतात: ड्रेटन हॉल, त्याला लागून मॅग्नोलिया आणि पुढे मिडल्टन प्लेस. ठरलेला कार्यक्रम असा: मॅग्नोलियाचा लांब पांढरा पूल, मिडल्टनची तळी, भरपूर फोटो, आणि जेवायला शहरात परत. माझं मत: गुलामांच्या वस्तीची फेरी घ्यायची नसेल तर बागेचंही तिकीट काढू नये.

कारण बाग हे त्या वस्तीचंच काम. मिडल्टनची बाग हेन्री मिडल्टनने १७४१ मध्ये सुरू केली. नदीकडे उतरत जाणाऱ्या गवताच्या पायऱ्या आणि तळाशी फुलपाखराच्या पंखांसारखी जोडतळी. शंभर गुलाम दहा वर्षं राबले असं तिथे परंपरेने सांगतात. आकडा बाजूला ठेवा, पण पायरीच्या कडेला उभं राहून त्या उताराची रेघ बघा. एवढी माती फावडं-टोपलीने हलवून, ठोकून, पावसात धुऊन जाणार नाही अशी बसवणं म्हणजे काय, ते कळायला फलक लागत नाही.

जाणाऱ्यांनी क्रम उलटा करावा. लोक आधी बाग घेतात, दुपारी ऊन चढतं, मुलं कंटाळतात आणि वस्तीची फेरी राहून जाते. म्हणून पहिली मार्गदर्शित फेरी घ्या, मग बागेत शिरा. मिडल्टनला एलायझाज हाउस ही गुलामीतून मुक्तीनंतरच्या काळातली कामगारांची झोपडी आणि दळपाची गिरणी आहे. मॅग्नोलियाला १८५० पासूनच्या झोपड्या आहेत. बागेच्या तिकिटात काय येतं आणि कशाला वेगळे पैसे पडतात हे हंगामागणिक बदलतं, त्यामुळे आदल्या दिवशी तपासा. एका दिवसात तिन्ही उरकू नका. ड्रेटन हॉल आणि मिडल्टन ही जोडी चांगली: एकीकडे रिकामं घर, सामानाविना, आहे तसं जपलेलं, दुसरीकडे बाग शाबूत पण मुख्य घर नाही. ते अमेरिकेच्या यादवी युद्धात २२ फेब्रुवारी १८६५ ला उत्तरेच्या सैन्याने जाळलं, उरलेल्या भिंती १८८६ च्या भूकंपात गेल्या. आज दिसते ती बाजूची इमारत.

सोनचाफा

अट पटली नाही. अशी अट घातली की माणूस दोन्ही टाळतो आणि समुद्रावर जातो.

बाग बाग म्हणून बघायलाही डोळा लागतो. मिडल्टन आणि मॅग्नोलिया यांना एका दावणीला बांधू नका. मिडल्टन भूमितीची बाग आहे, मधला अक्ष, कापलेल्या कडा. मॅग्नोलिया उलट: वळणाच्या वाटा, काळं पाणी, त्यात झाडांचं प्रतिबिंब. ती घडवली जॉन ग्रिमके ड्रेटन या पाद्र्याने. क्षयामुळे त्याला मोकळ्या हवेत काम करायचा सल्ला मिळाला होता. १८७० मध्ये त्याने पैशांसाठी बाग लोकांना खुली केली, चार्ल्सटनहून आगबोटीने माणसं यायची.

आता बेत आखणाऱ्यांसाठी. अझेलिया या फुलझुडपांचा भर साधारण मार्चअखेर ते एप्रिलचा पहिला आठवडा. पण तारीख पक्की धरून हॉटेल घेतलं की फसगत होते. फुलं उमलल्यावर एक रात्र पारा शून्याखाली गेला की उमललेली फुलं तपकिरी पडतात. बंद कळ्या बऱ्याचदा वाचतात. दुसरा शत्रू पाकळीकुजव्या ही बुरशी. उबदार, दमट हवा लागोपाठ राहिली की पाकळ्यांवर आधी पाणीदार ठिपके, मग दोन-तीन दिवसांत अख्खं फूल चिकट लगदा होऊन पानालाच लटकतं. कॅमेलियालाही अशीच बुरशी लागते, पण जात वेगळी. कॅमेलिया बघायचे असतील तर जानेवारी-फेब्रुवारीत जा, गर्दीही कमी.

कुणी विचारेल म्हणून: अझेलियाची छाटणी फुलं सरल्यावर लगेच. उन्हाळ्यात पुढच्या वर्षाच्या कळ्या धरतात, ऑगस्टमध्ये कात्री चालवली की पुढचा बहार कचऱ्यात. मुळं अगदी वरवर असतात, त्यामुळे बुंध्याशी खुरपणी नको, पाइनच्या सुयांचं आच्छादन द्यावं. माती आम्लधर्मी लागते. पुण्याच्या काळ्या, चुनखडीच्या मातीत नेऊन लावायचा विचार असेल तर सोडा. लोह मिळत नाही, पानं पिवळी नि शिरा हिरव्या राहून झाड झुरतं.

अवांतर: उन्हाळ्यात गेलात तर क्रेप मर्टलकडे बघा. आपल्या ताम्हणाचा हा सख्खा चुलतभाऊ, वंश एकच. आणि मॅग्नोलिया म्हणजे तरी दुसरं काय, सोनचाफा आता त्याच वंशात गेला आहे.

खाजणवाला

सोनचाफा, माहिती उत्तम, पण बागेला पैसा कुठून आला ते गाळून चालेल का? भात. तेही गोव्या-कोकणातल्या माणसाला चटकन कळेल असं भात.

खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतात, आपण बांध घालतो आणि मानस, म्हणजे झडपेचं दार, बसवतो, कोकणात उघाडी म्हणतात. भरतीचा दाब आला की झडप मिटते, ओहोटीला उघडते. खारं पाणी बाहेर राहतं. कॅरोलायनात हेच यंत्र उलट्या कामाला होतं. समुद्राचं खारेपण पोचत नाही पण भरतीचा फुगवटा पोचतो, एवढ्या उंचावर नदीकाठी शेत. भरती आली की वर चढणारं गोडं पाणी आत घ्यायचं. त्यासाठी बांधाच्या पोटातून लाकडी पेटी, दोन्ही तोंडांना झडप. तिला ट्रंक म्हणतात, कारण सुरुवातीला ती पोखरलेला सायप्रसचा ओंडकाच असे. पाणी घ्यायचं तर नदीकडची झडप वर उचलून ठेवायची. आतली भरतीच्या रेट्याने उघडते आणि ओहोटी लागताच आतल्या पाण्याच्या दाबाने मिटते. काढायचं तर उलट. पेरणीनंतर कोंबासाठी, मग कोंब वर दिसताच पाखरांपासून वाचवायला, मधे तण बुडवायला आणि शेवटी कणसांनी लवलेली ताटं उभी धरायला, असं हंगामात चारदा पाणी. मधल्या कोरड्या दिवसांत कुदळणी.

चुकतं कुठे? दुष्काळात नदी बारीक झाली की खारं पाणी वर सरकतं. एक भरती चुकीची घेतली की खाचर जळलं. म्हणून झडपेवरचा माणूस पाणी चाखून बघायचा. बांधाला बीळ पडलं तर दुसऱ्या भरतीला भगदाड; आपल्याकडे हेच काम खेकडे करतात. हे ज्ञान मालकाच्या पुस्तकातलं नव्हे. पश्चिम आफ्रिकेतल्या भातकरी समाजांतून आणलेली माणसं ते बरोबर घेऊन आली. उखळ-मुसळ आणि पाखडायचं सूपही. फरक एवढाच की सूप बांबूचं नाही, गवताची वळी शिवून केलेलं. चार्ल्सटनच्या बाजारात आज गल्ला-गीची (त्याच गुलाम आफ्रिकनांचे किनाऱ्यावरचे वंशज) बायका विकतात त्या टोपल्या त्याच विणीच्या.

कामाचं माप 'टास्क', साधारण पाव एकर, १०५ फूट लांब, तितकंच रुंद. म्हणजे दहा गुंठे. एका माणसाने, एका दिवसात, चिखलात, मलेरियाच्या पट्ट्यात. मिडल्टनला नमुन्यादाखल एक खाचर आहे. तिथे पाच मिनिटं थांबून मग तळ्याकडे जा.

तिकीटखिडकी

तुम्ही तिघेही एक गोष्ट धरून चालला आहात: जायचंच. मी म्हणतो, कुठे जायचं ते निवडा. ज्या जागी शनिवारी लग्नाचे मांडव पडतात तिथे सकाळची 'इतिहासाची फेरी' म्हणजे पावती आहे. चार्ल्सटनजवळच्या बून हॉल प्लँटेशनमध्ये २०१२ साली हॉलिवूडच्या एका जोडप्याने लग्न केलं आणि पुढे जाहीर माफी मागितली. २०१९ मध्ये पिंटरेस्ट या फोटोंच्या संकेतस्थळाने प्लँटेशनवरच्या लग्नांचा प्रचार थांबवला. बाहेरच्यांना कळतं, आपण मात्र बुंध्याला टेकून रील काढतो.

पर्याय आहेत. चार्ल्सटनमध्येच मॅक्लाउड प्लँटेशन, काउंटीच्या उद्यान खात्याचं, २०१५ पासून खुलं. तिथे गल्ला लोकांचं आयुष्य हाच विषय. लुइझियानात व्हिटनी, २०१४ च्या अखेरीस उघडलं, संपूर्ण मांडणी गुलाम म्हणून राबवलेल्यांच्या बाजूने. शहरात गॅड्सडेन्स व्हार्फवर, गुलामांची जहाजं लागत त्याच धक्क्यावर, जून २०२३ पासून आफ्रिकन अमेरिकन इतिहासाचं संग्रहालय आहे. फुलं हवी असतील तर सार्वजनिक वनस्पती उद्यानं भरपूर आहेत.

आणि मराठी माणसाला हे बाहेरून शिकायला नको. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामी मोडणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना.

अ‍ॅशलीकाठ

तिकीटखिडकी, मॅक्लाउड आणि व्हिटनीबद्दल पूर्ण सहमत. पण सगळ्यांना एका पोत्यात घालू नका. ड्रेटन हॉल १९७४ पासून नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आहे, तिथे आफ्रिकन अमेरिकन दफनभूमी मुद्दाम न सजवता राखली आहे. मिडल्टन नफा न घेणाऱ्या प्रतिष्ठानकडे.

बून हॉलचंच उदाहरण घ्या. लोक ज्या मोठ्या घराचे फोटो काढतात ते १९३६ चं आहे, युद्धपूर्व काळाशी त्याचा संबंध नाही. खरं जुनं काय? गुलामांच्या विटांच्या नऊ झोपड्या. विटांच्या टिकल्या, लाकडी कुजल्या, म्हणून या नऊ दुर्मीळ. त्यांची छपरं कुणी तरी दुरुस्त करायची. तुम्ही गेला नाहीत म्हणून लग्नं थांबत नाहीत, फक्त फेरीला गर्दी कमी होते. आणि गर्दी नसलेली फेरीच आधी बंद होते.

तिकीटखिडकी

हा हिशेब मला मान्य नाही. फेरीची गर्दी वाढली म्हणून मांडव उठल्याचं दाखवा. पिंटरेस्टने धोरण बदललं ते 'कलर ऑफ चेंज' या वंशभेदविरोधी संघटनेने मोहीम चालवली म्हणून, तिकिटं जास्त खपली म्हणून नाही.

सोनचाफा

फुले आणलेत, ठीक. पण बागेत जाणाऱ्याला अपराधी ठरवायला त्यांचा सोटा करू नका. फुल्यांचा रोख व्यवस्थेवर होता, फुलं बघणाऱ्यावर नव्हता.

आता मूळ वादाकडे. 'बागवाल्यांना गुलाम दिसत नाहीत' हे गृहीतच चूक. लुइझियानातलं ओक अ‍ॅली घ्या, दोन ओळींत चौदा-चौदा ओक. सगळे तिथेच थांबतात. झाडांच्या माणसाला मात्र तिथे पेकन, अक्रोडासारख्या सुक्या मेव्याचं झाड, आठवतं. पेकनचं कलम सहजी लागत नाही. बियांपासूनचं झाड मात्र आईसारखं निघेलच असं नाही. पातळ कवचाच्या चांगल्या झाडाची बी पेरलीत तरी हाती जाड कवच येऊ शकतं. १८४६-४७ च्या हिवाळ्यात तिथल्या आंत्वान नावाच्या गुलाम माळ्याने सोळा झाडांवर कलमं बांधून जगवली. १८७६ च्या फिलाडेल्फियातल्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात त्या पेकनचं कौतुक झालं आणि जातीला नाव पडलं 'सेंटेनियल'. आंत्वानचं आडनाव कागदात नाही. पण आज कलमी पेकनची बाग जिथे कुठे आहे तिथे सुरुवात त्याच्यापाशी येते. हे मला बागायतीच्या वाटेनेच कळतं, वस्तीच्या फेरीने नाही.

खाजणवाला

आंत्वानबद्दल +१. म्हणजे माझंच म्हणणं तुमच्या तोंडून आलं, बागेतलं कौशल्य कुणाचं होतं हे विचारा.

माझ्या आधीच्या प्रतिसादात एक दुरुस्ती. भरतीचं मोठं भात कॉम्बाही, सँटी, वाकामॉ या नद्यांवर. मिडल्टन प्लेस हे घराण्याचं राहतं ठिकाण, मुख्य पीक त्यांच्या इतर मळ्यांत. त्यामुळे तिथलं खाचर म्हणजे नमुना, त्यावरून पसाऱ्याचा अंदाज बांधू नका. कॉम्बाहीवरच २ जून १८६३ ला स्वतः गुलामीतून पळालेल्या हॅरिएट टबमनच्या मार्गदर्शनाखाली उत्तरेच्या सैन्याच्या बोटी वर गेल्या आणि सातशेहून जास्त माणसं सोडवून आणली.

अ‍ॅशलीकाठ

सोनचाफा, जॉन ग्रिमके ड्रेटनची तुम्ही सांगितलेली गोष्ट अर्धी आहे. सारा आणि अँजेलिना ग्रिमके, गुलामीविरुद्ध देशभर बोलणाऱ्या दोघी बहिणी, त्याच्या आत्या. घरातच दोन्ही बाजू होत्या. आणि मॅग्नोलियात काही गाळायचंच असेल तर घराची फेरी गाळा: सध्याचं घर युद्धानंतर नदीतून तरंगत आणलेल्या छोट्या घराभोवती वाढवलेलं आहे. तो वेळ झोपड्यांना द्या.

सोनचाफा

क्रम मान्य, अट अमान्य. आधी झोपड्या, मग बाग, हे हवेच्या दृष्टीनेही बरं; फुलांचे फोटो कलत्या उन्हात चांगले येतात.

एकच राहिलं. ओकवरून लोंबणारं ते राखाडी 'स्पॅनिश मॉस' शेवाळ नाही आणि बांडगूळही नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती आहे, हवेतल्या दमटपणावर जगते, झाडाचं रक्त पीत नाही. झाडावरचं बघायला हरकत नाही. खाली पडलेलं उचलून मुलांच्या गळ्यात घालू नका, त्यावर बसूही नका. जमिनीवरच्या ढिगात चिगर नावाचे बारीक किडे शिरतात; पायमोजे आणि कमरेच्या पट्ट्याखाली आठवडाभर खाज सुटते.