कुरव (सीगल) कागदावर चिकटवल्यासारखा दिसतो. आणि चित्रात बंधारा घ्यावा का?

सागरगोटी (दापोली)

नमस्कार मंडळी. इथे जलरंगात काम करणारे बरेच जण आहेत म्हणून विचारते. प्रश्न दोन आहेत. पहिला रंगांचा आहे. दुसरा तसा रंगांचा नाही, पण मला तोच जास्त छळतो.

हर्णैच्या उत्तरेला, समुद्रावरच्या एका गावात मी राहते. पोस्टातून निवृत्त झाले आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या आगरातल्या शंभरावर पोफळींपैकी एकोणीस उभ्या राहिल्या. त्याच दुपारी खाडीच्या तोंडाशी असलेला जुना रायवळ आंबा पडला. त्यावर काकणाचं घरटं होतं. काकण म्हणजे पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून ते घरटं तिथे होतं, दरवर्षी काटक्यांची भर पडून पडून बैलगाडीच्या चाकाएवढं झालेलं. खाली माशांचे काटे पडलेले असायचे.

आंबा पडल्यावर मी त्याचा फोटो शोधला. एकच सापडला, पुतण्याच्या लग्नातला, आणि त्यातही झाड मांडवामागे अर्धं लपलेलं. बत्तीस वर्षं ज्या झाडाखालून गेले, त्याची पहिली फांदी खाडीकडे होती की गावाकडे, हे मला आठवेना. फार लागलं ते मनाला. त्या जुलैत मी लेकीची शाळेतली रंगपेटी माळ्यावरून काढली.

तेव्हापासून पावसाळा सोडला तर आठवड्यातून दोनदा तरी सकाळी पुळणीवर बसते. नोव्हेंबर ते मार्च कुरव असतात. आधी मला सगळे सारखेच दिसायचे. रंगवायला लागल्यावर कळलं की तपकिरी डोक्याच्या कुरवाच्या पंखांची टोकं काळी आणि त्यात पांढरे ठिपके, डोळा फिकट. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद आणि पंखाची पुढची कड पांढरी. थंडीत दोघांच्याही डोक्यावर रंग नसतो, कानामागे नुसता डाग. मार्चमध्ये एकेकाचं डोकं भरत जातं, ते मी तीन वर्षं वहीत टिपलं आहे.

आता पहिला प्रश्न. माझे कुरव कागदावर चिकटवल्यासारखे दिसतात. मी आधी पुळण आणि पाणी रंगवते, सुकल्यावर चायनीज व्हाइट या पांढऱ्या रंगाने पक्षी, मग पेन्स ग्रे या निळसर राखाडीने सावली. पक्षी खडूसारखा होतो, वाळूवर उभा आहे असं वाटतच नाही. शिवाय आमच्या दमट हवेत कागदावर ठिपके पडायला लागलेत. तिथे रंग टिपकागदासारखा आत शोषला जातो.

दुसरा प्रश्न. दोन वर्षांपूर्वी पुळणीच्या दक्षिण टोकाला धूपप्रतिबंधक बंधारा झाला, काळ्या दगडांचा. तो नको होता असं मी म्हणणार नाही. उधाणाचं पाणी तीन घरांच्या पडवीपर्यंत यायचं, त्यातलं एक घर माझ्या धाकट्या जावेचं. पण भरतीला बंधाऱ्याच्या पायथ्याशी आता वाळू उरत नाही. तिथेच आधी चिखले, म्हणजे किनाऱ्यावरचे छोटे पक्षी, भरती उतरेपर्यंत दाटीने बसायचे, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. २०२१ च्या वहीत त्या जागेची माझी सहा चित्रं आहेत. आता तिथे रंगवायला दगड आहेत.

मी चित्रात बंधारा घेत नाही. बसतेच अशी की तो पाठीमागे राहील. गेल्या महिन्यात जावेने वही चाळली आणि म्हणाली, "वहिनी, यात आमचा बंधारा कुठं गेला?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून एकही चित्र पुरं झालेलं नाही. तुम्ही असता तर काय केलं असतं?

ओला_कागद (पुणे)

सागरगोटीताई, पहिल्या प्रश्नावर लिहितो. चाळीस वर्षं जलरंग करतो आहे, त्यातली वीस शिकवण्यात गेली.

चायनीज व्हाइट काही दिवस पेटीबाहेर ठेवा. जलरंगात पांढरा हा कागदाचा असतो. तुमच्या शेजारच्या सावंतवाडीचे सा. ल. हळदणकर आठवा. हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं त्यांचं चित्र म्हैसूरला जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि ते जलरंगातलं आहे. सभोवतालचा अंधार त्यांनी रंगवला म्हणून तो दिवा पेटला. कुरवाचंही तसंच. आधी पेन्सिलीने पक्ष्याची बाह्यरेषा अगदी हलकी काढा, त्याच्याभोवती ओल्या वाळूचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर, द्या आणि पक्षी कोरडा सोडा. वाळू जितकी गडद घ्याल तितका कुरव उजळेल. तुमच्याकडची ओली वाळू चांगली काळसर असते, तिला भिऊ नका.

पण माझा अंदाज असा की खरी अडचण तुमच्या बसण्याच्या वेळेत आहे. तुमचा समुद्र पश्चिमेला. सकाळी ऊन तुमच्या पाठीमागून येतं आणि पक्ष्याच्या समोरच्या अंगावर सरळ पडतं, त्यामुळे त्याच्यावर सावलीच नसते. सपाट दिसणार नाही तर काय. दुपारी चारनंतर जा. तेव्हा कुरव उजेडाच्या आड येतो. तुमच्या लक्षात येईल की आपण ज्याला पांढरा पक्षी म्हणतो तो बहुतेक सगळा राखाडी आहे. उजळ पांढरी फक्त पाठीवरची एक बारीक कड. तेवढीच कोरी ठेवा.

सावलीला पेन्स ग्रे मेलेला दिसतो. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) पातळ मिसळा, निळ्याकडे झुकणारा. आणि तो ओला असतानाच पोटाखाली यलो ऑकरचा एक थेंब सोडा. वाळूवरचा उजेड उलटून पक्ष्याच्या पोटावर येतो. तो रंग दाखवला नाही तर पक्षी हवेत राहतो, जमिनीवर येत नाही. पाय रंगवण्याआधी पायाशी ओल्या वाळूतलं प्रतिबिंब ओढा, तेही कडा न राखता.

ठिपके म्हणजे बुरशी. कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग वर धरून ठेवणारा लेप, ती खाते म्हणून तिथे रंग आत शिरतो. तो कागद आता वॉशला गेला, त्याच्यावर पेन्सिलीचा सराव करा. नवा कागद आणल्याबरोबर झिपच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद करा आणि लागेल तेवढाच काढा. ३०० जीएसएमचा म्हणजे जाड, शंभर टक्के सुती मिळाला तर उत्तम. थोडा महाग पडतो, पण तुम्ही वह्या जपून ठेवता, तर घ्याच.

दमट हवेचा एक फायदाही सांगतो. पुण्यात मार्चमध्ये वॉश दोन मिनिटांत वाळतो, विद्यार्थी रडकुंडीला येतात. तुमच्याकडे कागद बराच वेळ ओला राहतो, त्यामुळे आकाश आणि पाणी ओल्यात ओलं करायला कोकणासारखी जागा नाही. फक्त ब्रश परत लावायचा मोह आवरा. थांबणं जमत नसेल तर जागेवर नुसतं पेन्सिलचित्र करा आणि त्यावर रंगांची नावं लिहा. स्कॉटच्या मोहिमेतला डॉक्टर आणि चित्रकार एडवर्ड विल्सन अंटार्क्टिकात हेच करायचा. तिथे रंगाचं पाणीच गोठायचं, म्हणून पेन्सिलीने रेखाटून त्यावर रंगांच्या नोंदी करायच्या आणि नंतर तळावर येऊन रंगवायचं. त्याची पेंग्विनची आणि बर्फावरच्या उजेडाची चित्रं तशी झाली आहेत.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. चित्रात काय घ्यायचं हे मी विद्यार्थ्यांनाही कधी सांगत नाही.

पोफळ (अलिबाग)

मी वेगळं मत मांडते. बंधारा घेऊ नका. चित्रकार नेहमीच निवड करतो, विजेचे खांब कोण काढतं? आम्ही दिवसभर काँक्रीट बघतो. संध्याकाळी तुमच्यासारख्या कोणीतरी काढलेली मोकळी पुळण बघितली की आत शांत वाटतं, आणि ही जागा जपावी असंही वाटतं. कुरूप गोष्ट दाखवून माणसं निसर्गावर प्रेम करायला लागलेली मी तरी पाहिली नाहीत.

तुतारी (रत्नागिरी)

पोफळताई, तुमचं म्हणणं मनाला पटतं, पण मी सागरगोटीताईंना बंधारा घ्या असंच सांगेन. मी चित्रकार नाही, पक्षी बघतो. ताई, तुमच्या वहीत काय आहे याची तुम्हाला कल्पना नसावी. आपल्या किनाऱ्यावर अमुक पुळणीच्या अमुक टोकाला भरतीला पक्षी बसायचे ही नोंद फार कमी ठिकाणी आहे. लोक दुर्मिळ पक्षी लिहितात, रोजचे चिखले कोण लिहितो?

किनाऱ्यावरच्या पक्ष्याला दोन जागा लागतात. ओहोटीला खायला चिखल आणि ओली वाळू, आणि भरतीला टेकायला कोरडी, मोकळी जागा. दुसरी गेली तर पहिली असूनही तो जातो, कारण दर भरतीला उडत राहणं त्याला परवडत नाही. यातले पुष्कळ पक्षी मध्य आशियातून, सैबेरियातून येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परतीसाठी अंगावर चरबी चढवतात. तुमच्या सहा चित्रांत ती टेकायची जागा आहे, बंधारा येण्याआधीची. त्याच जागी बसून आता सातवं काढा. मागे तारीख, वेळ, भरती की ओहोटी, उधाण की भांग (लहान भरती), आणि मोजता आले तितके पक्षी. एवढं लिहिलं की त्या चित्राचं वजन वाढतं.

कालवफोड्या दिसतो का तुमच्याकडे? काळा-पांढरा, लांब नारिंगी चोच. तो आणि लांब वाकड्या चोचीची मोठी कोरल, दोन्ही आता जगभरच्या संकटाजवळ आलेल्या पक्ष्यांच्या यादीत आहेत. दिसले तर घाईत का होईना, रेखाटून ठेवा.

दोन विनंत्या. थवा मान वर करून उभा राहिला की तिथेच थांबा, पुढे जाऊ नका. खाणं थांबलं म्हणजे आपण जास्त जवळ आलो. आणि काकणाने नवं घरटं केलं असेल तर जागा इथे लिहू नका, चित्रात ओळखीची खूणही ठेवू नका. कॅमेरेवाले पोचायला दोन दिवस लागत नाहीत. वेंगुर्ल्यासमोरच्या बर्न्ट आयलंडवर पाकोळ्यांची घरटी खाण्यासाठी चोरून विकली जायची, तिथे सुरय (टर्न) पक्षीही अंडी घालतात. मी ते खडक होडीतून लांबूनच बघितले आहेत, आणि उतरलो नाही याचं मला समाधान आहे.

एक आठवण. वेळासला समुद्री कासवांच्या संरक्षणाचं काम उभं राहिलं त्याची सुरुवात काकणांपासून आहे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची माणसं २००२ मध्ये समुद्री गरुडाच्या घरट्यांच्या शोधात किनारा फिरत होती, तेव्हा त्यांना कासवांची अंडी चोरीला गेलेली घरटी दिसली. एका पक्ष्याकडे नीट बघायला गेलं की शेजारचं असं काही दिसतं.

उत्तरवारा (एडिनबरा)

ताई, मी मूळची गुहागरची, आता इथे. रविवारी नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून बास रॉक रंगवते. हा समुद्रातला उभा खडक गॅनेट या मोठ्या पांढऱ्या समुद्रपक्ष्यांची जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक म्हणून ओळखला जातो. लांबून खडकच पांढरा दिसतो. मी बर्फ समजले होते पहिल्यांदा.

२०२२ च्या उन्हाळ्यात तिथे बर्ड फ्लू आला. मी पांढऱ्या खडकाची चित्रं काढायचे, त्या वर्षी त्यात काळे, रिकामे पट्टे दिसायला लागले. पहिली दोन चित्रं मी खोटी काढली. पट्टे भरून टाकले, गेल्या वर्षीच्या आठवणीने. ती दोन चित्रं आजही मला भिंतीवर लावता येत नाहीत.

आणि डोळ्यांचं सांगते. गॅनेटचा डोळा फिकट निळा असतो. त्या साथीनंतर काही जिवंत पक्ष्यांचे डोळे काळे झालेले दिसले. संशोधकांनी पक्ष्यांचं रक्त तपासलं, तर काळ्या डोळ्यांच्या बहुतेक पक्ष्यांना ती लागण होऊन गेलेली होती. होडीतून जवळून बघताना मलाही एक काळ्या डोळ्याचा दिसला. मी आता गॅनेटचा डोळा सवयीने निळा रंगवत नाही. आधी बघते.

बंधारा चित्रात घ्या ताई.

सागरगोटी (दापोली)

सगळ्यांचे मनापासून आभार. ओला_कागद काका, तुमचं उत्तर छापून घेतलं आणि रंगपेटीच्या झाकणात चिकटवलं.

परवा चार वाजता गेले, जुन्या जागी, तोंड बंधाऱ्याकडे करून. उधाणाची भरती होती. पक्ष्याचं पोट खरंच पिवळसर दिसतं हो, इतकी वर्षं मी ते बघितलंच नव्हतं. यलो ऑकरचा थेंब सोडला आणि कुरव वाळूवर उतरला. मला बसल्या जागी रडू आलं.

बंधाऱ्याला तेच अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना, फक्त घट्ट. दगड मोजून नाही काढले, पण वरची रांग जशी आहे तशी काढली. तिच्यावर एक दरिया बगळा बसला होता, काळसर रंगाचा, दगडातून वेगळा ओळखू येईना. तो तसाच ठेवला. चिखले बंधाऱ्यापाशी नव्हते. उत्तरेकडे, सुरूच्या बनाखाली जी वाळूची पट्टी उरते तिथे अकरा मोजले. ते चित्राच्या कडेला अकरा ठिपके म्हणून घेतले.

पोफळताई, तुमचं म्हणणं मी सोडून दिलेलं नाही. मोकळ्या पुळणीची चित्रं मी काढत राहीन, उत्तरेचं टोक अजून मोकळं आहे. पण त्यांच्या मागेही आता जागा आणि तारीख लिहीन, म्हणजे ती कुठली आणि कधीची ते कळेल.

तुतारी, कालवफोड्या दोन वर्षांपूर्वी एकदा दिसला होता, वहीत आहे. काकणाची जोडी खाडीवर फिरते. बाकी लिहीत नाही.

चित्र जावेला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "पाणी आता इथवर येतं?" तिच्या पडवीतून बंधाऱ्याची समुद्राकडची बाजू दिसत नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्या ती माझ्याबरोबर येणार आहे. भरती पाच वाजून दहा मिनिटांनी आहे.