१८२९ चं ८० रेइसचं (जुनं पोर्तुगीज चलन) जाड नाणं, डुप्लिकेट आहे का?

सुलभा_म्हापसा
नमस्कार मंडळी, माझे मामा तारवटी (जहाजावरचे खलाशी) होते, त्यांच्या ट्रंकेत एक नाणं मिळालंय. चांगलं जाड नि जड, एका बाजूला मुकुट आणि ढाल, मारिया दुसरीचं नाव, १८२९ साल, मागे पानांच्या माळेत ८०. पण अगदीच ओबडधोबड, अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं. एका दुकानदाराने बघताक्षणी डुप्लिकेट म्हणून परत केलं. मामांची वस्तू, जीव अडकलाय, कोणी सांगेल का?

नाणीछंद_फोंडा
ताई, ओबडधोबड आहे म्हणून टाकू नका! वर्णनावरून हे अझोर्समधल्या (अटलांटिक महासागरातली पोर्तुगीज बेटं) तेर्सेरा बेटाचं ‘मालुको’ वाटतंय, पोर्तुगीजमध्ये मालुको म्हणजे वेडा. हे ठोकून पाडलेलं नाणंच नाही, वाळूच्या साच्यात ओतलेलं, म्हणून ती भोकं.
झालं असं की १८२६ ला पोर्तुगालचा राजा जुआंव वारला, थोरला मुलगा पेद्रू ब्राझीलचा सम्राट, त्याने पोर्तुगालची गादी आपल्या ७ वर्षांच्या मुलीला, मारियाला दिली आणि संविधानही दिलं, पण धाकटा भाऊ मिगेल १८२८ ला स्वतःच राजा होऊन बसला. काका-पुतणीचं भांडण (आपल्याला लगेच राघोबादादा आठवणार) ते १८३४ पर्यंत चाललं. जवळजवळ सगळा देश मिगेलकडे, मारियाच्या बाजूने तेर्सेरा तेवढं टिकून. बेटावर पैसाच नाही, तेव्हा चर्चच्या घंटा उतरवून वितळवल्या आणि त्या काशाची ही नाणी ओतली.

ताळगावकर
बरोबर, फक्त ओतीव नाण्याची नक्कल करणंही सोपं, तेव्हा नुसत्या वर्णनावर खरं म्हणू नका, जाणकाराच्या हातात द्या. आणि कृपा करून चिंच-सोलं लावून घासू नका हो, वरचा काळा थर गेला की नाणं गेलं.

दिव्या_पणजी
घंटांचं वाचून अंगावर काटा आला. कारण जिंकल्यावर मारियाच्याच बाजूच्या लोकांनी १८३४ ला पोर्तुगालमधले मठ बंद केले, १८३५ ला तो हुकूम गोव्यात लागू झाला नि ओल्ड गोव्याचा आगुस्तिनियन (एक ख्रिस्ती साधुसंघ) मठ ओस पडला. त्याची घंटा मात्र वाचली, आधी आग्वादच्या दीपगृहात आणि १८७१ पासून आपल्या पणजीच्या चर्चवर. रोज ऐकतो आपण ती!

सुलभा_म्हापसा
खूप खूप आभार सगळ्यांचे. घासलेलं नाही, काळंच आहे. उद्या उन्हात नेऊन दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो टाकते.