सिगारेट-विडी कमी झाली ती कशाने? नाशिककरांनो, अनुभव लिहा

धागाकर्ती
सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी 2 ऑक्टोबर 2008 पासून आहे, दंड 200 रुपयांपर्यंत. एप्रिल 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग सचित्र इशाऱ्याने व्यापलेला. देशपातळीवरच्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात धूम्रपान करणारे 2009-10 मध्ये 14 टक्के होते, 2016-17 मध्ये 10.7. महाराष्ट्रात तर जेमतेम 3.8. (कॉलेज रोडच्या टपऱ्यांवर संध्याकाळी उभं राहिलं की हा आकडा पटत नाही, ते सोडा.) तुमच्या घरात नेमकं काय लागू पडलं? भाव, दंड, चित्र, की आणखी काही? उपदेश नकोत, झालं ते लिहा.

दुपारपाळी, सातपूर
आमच्या कंपनीने अख्खं आवार धूम्रपानमुक्त केलं. काडेपेटी-लायटर गेटवरच जमा. आधी चहाच्या प्रत्येक सुट्टीत शेडमागे झुरका व्हायचा. आता ओढायची तर गेटपास, सुपरवायझरची सही, बाहेर टपरी, परत तपासणी. जेवणाची सुट्टी अर्धा तास, त्यात डबा खाणार की हे करणार? पाकिटावरून दोनवर आलो, मग रविवारपुरती राहिली, मग तीही गेली. लोक विचारतात, निर्धार कसा केलास? निर्धार कसला, गेटपासचा कंटाळा!

हॉस्टेलवाला
मला चित्राचं काही सांगू नका. मी पाकीट कधी घेतलंच नाही, एकेक सुटी सिगारेटच घेतो. टपरीला दोरीने लायटर बांधलेला, पेटवायची आणि निघायचं. गळ्याच्या कॅन्सरचं चित्र दिवसभर बघतो तो टपरीवाला. राज्याने 2020 साली सुटी विक्री बंद केली म्हणतात. टपरीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "मग काय आख्खं पाकीट देऊ का?" भाव वाढला की मात्र फरक पडतो. महिनाअखेरीस एकीत दोघं.

नाशिकरोडकर
@हॉस्टेलवाला, माझ्या मते सगळी गोम तिथेच आहे. चित्र पाकिटावर. तंबाखू सोडायला मदत करणारा मोफत क्रमांक 1800-11-2356, तोही 2018 पासून पाकिटावरच. सुटी विकली की दोन्ही वाया. मी पाकीटवाला, म्हणून तो नंबर डोळ्यांसमोर राहिला आणि एकदा लावला. पलीकडच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, सकाळी उठल्यावर किती वेळात ओढता? आजवर कुणी विचारलं नव्हतं. चहाआधी, म्हटलं. मग सोडायची तारीख त्यांनी माझ्याकडूनच ठरवून घेतली आणि नंतर त्यांचेच फोन येत राहिले. पूर्ण सुटलेली नाही, पण चहाआधीची गेली.

सिन्नरची लेक
इथे सगळे सिगारेटवरच बोलताहेत. माझी आई विड्या वळते. मांडीवर सूप, कात्रीने तेंदूपान कापायचं, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा. मजुरी हजार विड्यांमागे. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. आमचं शिक्षण त्यावरच झालं. तिने आयुष्यात विडी ओठाला लावली नाही, पण खोकला आहे.

आता धोरणाचं. 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा दर विडीलाही 28 टक्केच, पण सिगारेटवरचा जादा सेस तिला नव्हता. त्यामागे आमच्यासारख्यांची पोटं होती हे मान्य. परिणाम काय, तर आमचे मामा सिगारेट महागली म्हणून विडीवर उतरले. घरच्यांना वाटलं, कमी केली! भाव 10 टक्के वाढला तर आपल्यासारख्या देशांत वापर साधारण 5 टक्क्यांनी घटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण शेजारी स्वस्त विडी ठेवली तर माणूस तिकडे वळणारच. आणि विडीवर तसाच कर लावा असं मी लिहिते तेव्हा आईचं काम कमी करा असंच लिहिते, हेही मला कळतं.

दातांची मदतनीस
दवाखान्यात येतात त्यांना विचारलं की अभिमानाने सांगतात, "सिगारेट सोडली." तोंड उघडलं की गालात तंबाखूची गोळी. राज्यात धूम्रपान 3.8 टक्के, पण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे 26.6. गुटखाबंदी 2012 ची. पुढे सुपारी एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत येऊ लागली, मिसळायचं काम गिऱ्हाईकाचं. चुना-तंबाखू मळायला गेटपास लागत नाही, दुपारपाळीदादा.

दुपारपाळी, सातपूर
खरंय. आमच्या लाइनवर निम्मे तेच करतात.

धागाकर्ती
@सिन्नरची लेक, वळणं सोडलेल्या बायकांना पुढे काय काम मिळतं? माळेगाव-मुसळगावच्या कंपन्यांत घेतात का?

सिन्नरची लेक
तरण्या पोरी जातात, पॅकिंगला. माझी चुलतबहीण जाते. आईच्या वयाच्या बाईला बारा तास उभं कोण करणार? शिवाय विडी घरी बसून होते, नातू सांभाळता येतो. काही जणी शिवणकाम शिकल्या, पण आमच्या गल्लीत ब्लाउज शिवणाऱ्याच आता गिऱ्हाइकांपेक्षा जास्त झाल्यात.